पिकअपच्या टपावरच्या कॅरिअरची गळती : ब्यूटाइल टेप, पीयू सीलंट आणि एक अख्खा पावसाळा

आधी निकाल सांगतो. मे महिन्यात केलेलं काम पावसाळाभर टिकलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात माझं आंबा घाटातून कोल्हापूरला नेहमीचं जाणं-येणं आणि टपावर पीव्हीसी पाइप नाहीतर शिडी. एवढं होऊनही कॅरिअरच्या सहापैकी पाच पायांतून थेंब आत आलेला नाही. सहाव्याचं पुढे लिहितो.

गाडी डबल केबिन पिकअप. टपाच्या कडेला पन्हळ नाही, म्हणून टपाला भोकं पाडून कॅरिअर बोल्टने आवळलेलं. तुमच्या गाडीला पन्हळ असेल तर हे सगळं वाचायची गरज नाही. सरळ क्लँपचं कॅरिअर घ्या आणि धडधाकट पत्र्याला भोक पाडू देऊ नका.

मूळ फिटिंगमध्ये पायाखाली ट्यूबचा रबरी तुकडा होता आणि बाहेरून पांढऱ्या सिलिकॉनचा वेढा. पहिल्या पावसात ते बरं चाललं. नंतर डाव्या दाराजवळ सीटबेल्टचा पट्टा ओला लागायला लागला. ओळखीचे सगळे म्हणाले, दाराचं रबर बदल. पण टपाच्या गळतीत आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी हा प्रकार हमखास होतो. भोकातून आलेलं पाणी टपाच्या आतल्या आडव्या पट्टीवरून घरंगळतं, अस्तराच्या मागून खांबात उतरतं आणि भलतीकडेच टपकतं. माझ्या बाबतीत भोक पुढच्या पायाचं निघालं, ओल मधल्या खांबाशी.

शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. आतलं अस्तर उतरवायचं, एक पाय सोडून बाकीचे वरून चिकटपट्टीने झाकायचे आणि पाइपने हळूहळू पाणी सोडायचं. जोराचा फवारा मारला तर सगळीकडून पाणी शिरल्यासारखं वाटतं आणि काहीच कळत नाही. दुसरी युक्ती मला जास्त आवडली. काचा बंद, ब्लोअर पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेणाऱ्या सेटिंगवर. मग बाहेरून पायांभोवती साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे येतात तिथे वाट आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. टपाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. वर पाइप लादलेले असताना ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, पाय किंचित डुलतो आणि त्याच्याखालचा पत्रा वाकून परत येतो. घाटात हे शेकडो वेळा होतं. बाहेरून लावलेलं कुठलंही मटेरियल मग एका कडेने सुटतंच. म्हणून माझं मत असं झालंय की दुकानात ‘कुठली ट्यूब चांगली’ हे विचारायच्या आधी पत्रा हलायचा कसा थांबवू ते बघावं. मी प्रत्येक पायाच्या खाली, टपाच्या आतल्या बाजूने, तळहाताएवढी ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घातली. टपाच्या गोलाईप्रमाणे वाकवून, प्रायमर मारून. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक या पट्टीने पडला, आणि तिच्याबद्दल मला कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

जुनं सिलिकॉन काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. थिनरने ते विरघळत नाही, खरवडूनच काढावं लागतं. आणि थोडं जरी राहिलं तरी त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते तर उघड्या लोखंडाजवळ नकोच. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि गंजाला आमंत्रण मिळतं. माझ्या दोन भोकांच्या कडा तांबारलेल्या होत्या. पॉलिश पेपरने घासून त्यांना झिंक प्रायमर दिला आणि पूर्ण वाळू दिला. ड्रिलचा कीस टपावर राहिला असेल तर तोही झाडून काढा, दोन दिवसांत त्याचे गंजाचे ठिपके उमटतात.

ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, पायाच्या खाली लावायची, बाजूने नाही. बोल्टच्या दांड्याभोवती एक कडं आणि पायाच्या तळाला एक थर. ही टेप कधीच कडक होत नाही, पायाबरोबर ताणली-दबली जाते, हाच तिचा गुण. आवळायचं मात्र टप्प्याटप्प्याने. पहिल्या दिवशी टेप कडेने डोकावेपर्यंत, मग गाडी उन्हात उभी ठेवायची, दुसऱ्या दिवशी पान्हा आणखी थोडा फिरवायचा. एकदम कचकचून आवळलं की सगळी टेप बाहेर येते आणि आत धातूवर धातू उरतो. बोल्टच्या डोक्याखाली रबर चिकटवलेला वॉशर घातला. आपल्याकडे घरावरच्या पत्र्याच्या जे-बोल्टला जे डांबरी वॉशर वापरतात, तेही एकाने सुचवले होते. पण ते न हलणाऱ्या छतासाठी ठीक.

सगळ्यावरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाची, कड दिली, पुढून आणि दोन्ही बाजूंनी. मागची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली. यावर आमच्या गॅरेजवाल्या दादांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, चारी बाजूंनी बंद करा. मला ते पटत नाही. पुढेमागे कुठून पाणी शिरलंच तर त्याला बाहेर पडायला जागा हवी, नाहीतर ते पायाखाली साचून पत्रा आतून खातं आणि वरून सगळं छान दिसतं.

पीयूबद्दल माझं मत मिश्र आहे. पकड जबरदस्त आणि वर रंगही मारता येतो. पण ते हवेतल्या ओलाव्याने आतपर्यंत घट्ट व्हायला दिवस घेतं, त्यामुळे आभाळ भरल्यावर करायचं हे काम नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हानंतर माझ्या पांढऱ्या टपावर ते पिवळट दिसतंय, वरचा थर भुरभुरीत झालाय. पुन्हा घ्यायचं तर एमएस पॉलिमर या दुसऱ्या प्रकारचं सीलंट घेईन, ते उन्हाला जास्त टिकतं. उरलेली ट्यूब नळीतच दगड झाली, तेव्हा सगळे पाय एका बैठकीत उरका. ब्यूटाइलचीही तक्रार आहे : उन्हाळ्यात कडेने काळी ओघळते आणि धूळ धरून ठेवते. चालतं, पण देखणं नाही.

आता सहावा पाय, मागचा डावा. तो टपाला दाबून काढलेल्या उभट उंचवट्यावर अर्धा येतो, म्हणून तळ सपाट बसतच नाही. एका बाजूला टेप जाड, दुसरीकडे जवळजवळ नाहीच. जुलैच्या जोरात तिथे अस्तराला ओलसर डाग आला. टपकलं नाही, पण वास येऊ लागला. आता तिथे उंचवट्याच्या आकाराचं ईपीडीएम रबराचं पॅकिंग कापून घातलंय आणि त्याच्या वर-खाली ब्यूटाइल. पाइपच्या पाण्याला ते उतरलंय, खरा पाऊस अजून बघायचाय. ईपीडीएमला ग्रीस किंवा पेट्रोल लावू नका, ते फुगतं. नवीन कॅरिअर बसवणाऱ्यांनी पायांची जागा आखतानाच हे उंचवटे टाळावेत.

रिव्हनटवर (पत्र्याच्या भोकात बाहेरूनच दाबून बसवायचा आट्यांचा नट) कॅरिअर बसवायचा सल्ला अनेक जण देतात, कारण अस्तर उतरवावं लागत नाही. पण साध्या, खालून उघड्या रिव्हनटमध्ये पाणी आट्यांमधूनच आत येतं, आणि तो पातळ पत्र्यात फिरायला लागला की काढणं मुश्कील. घ्यायचाच तर खालून बंद असलेला घ्या. इपॉक्सी लांबी (पुट्टी) भरायचा विचारही करू नका, कडक असल्यामुळे पत्रा हलला की तडकते.

खर्च म्हणाल तर टेप, ट्यूब, वॉशर, पट्ट्या मिळून कॅरिअरच्या किमतीपुढे किरकोळ. वेळ मात्र जातो, आणि निम्मा अस्तर उतरवण्या-चढवण्यातच. त्याची प्लास्टिकची बटणं काढताना तुटतात, आधीच जास्तीची आणून ठेवा. शिवाय अस्तर खाली असतानाच केबिनच्या दिव्याच्या वायरीचे जोड तपासून घ्या. माझ्याकडे एका जोडावर हिरवट गंज चढला होता आणि दिवा का मिचमिचतो ते तेव्हा कळलं.