आगमनकाळापासून सुरू होणारी वचन-दिनदर्शिका : एक परीक्षण

डिसेंबर लागला की ठाण्यातल्या चर्चांच्या आवारात नाताळच्या विक्रीची टेबले मांडली जातात आणि त्यांवर केक, करंज्या, चांदण्यांचे कंदील यांच्याबरोबर नव्या वर्षाची, बायबलमधल्या वचनांची कॅलेंडरेही हमखास असतात. बहुतेक कॅलेंडरांत बारा पाने, बारा निसर्गचित्रे आणि बारा आशीर्वाद एवढाच ऐवज असतो. या वेळी मात्र चर्चच्या काही मंडळ्यांमधल्या (उपासक-समुदायांमधल्या) स्त्रियांनी एकत्र येऊन छापून घेतलेली, मेजावर उभी राहणारी आणि रोज एक पान उलटायची अशी दिनदर्शिका हाती आली. ती इतक्या विचारपूर्वक केली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

ही दिनदर्शिका १ जानेवारीला सुरू होत नाही. तिचे पहिले पान ३० नोव्हेंबर २०२५ चे, म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या, ख्रिस्ताची वाट पाहण्याच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारचे आहे, आणि शेवटचे २८ नोव्हेंबर २०२६ चे. बरोबर बावन्न आठवडे. चर्चचे वर्ष वाट पाहण्यापासून सुरू होते हे आपण दर वर्षी प्रवचनात ऐकतो, पण घरातल्या मेजावर मात्र जानेवारीपासूनचेच कॅलेंडर ठेवतो. इथे पहिल्याच पानावर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातले अंधारात चालणारे लोक भेटतात, आणि १ जानेवारी येतो तो नाताळच्या दिवसांच्या मध्येच. त्या पानावर ‘नव्या वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातले २:२१ हे वचन आहे : आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि त्याचे नाव येशू ठेवले गेले. २५ डिसेंबरपासून मोजले तर १ जानेवारी हाच तो आठवा दिवस. वर्षाचा आरंभ आपल्या संकल्पांवर नव्हे, तर त्या नावावर टेकवणे हा या दिनदर्शिकेचा पाया आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो.

आशेविषयीची कोणतीही छापील वस्तू पारखताना मी आधी तिने काय गाळले आहे ते पाहते. म्हणून प्रथम २८ डिसेंबरचे पान काढले. हेरोद राजाने बेथलेहेमातल्या बालकांची कत्तल केली, तिचे स्मरण या दिवशी होते. सणाच्या आठवड्यात हा उतारा नकोसा वाटतो आणि बहुतेक कॅलेंडरे तो वगळतात. या पानावर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला तो भाग आहे, आपल्या मुलांसाठी रडणारी आणि सांत्वन न घेणारी राहेल, इस्राएल लोकांची पूर्वजमाता, हीही आहे. त्याखाली लहान टाइपात एवढेच सुचवले आहे की मत्तयाने हे शब्द यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायातून घेतले असून त्याच अध्यायात पुढच्या दोन वचनांत देव तिला आशा देतो. कसलीही घाई न करता रडण्यालाही जागा ठेवली आहे. ज्या घरात यंदा एक खुर्ची रिकामी झाली आहे, त्या घराला हे पान हातात धरवेल.

आता यिर्मयाच्याच एकोणतिसाव्या अध्यायातल्या अकराव्या वचनाविषयी. आपल्या मंडळ्यांत वर्षअखेरीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या ताटात ठेवतात, प्रत्येक जण एक उचलतो आणि ती वर्षभर पवित्र शास्त्रात जपतो. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देण्याचे आहेत, हे वचन ज्याला मिळते त्याच्याकडे बाकीचे कौतुकाने पाहतात. मात्र चिठ्ठीवर ते एकटेच असते, आणि मग नोकरी, लग्न, परीक्षेचा निकाल यांची हमी म्हणून ते वाचले जाते. दिनदर्शिकेत हे वचन २ जानेवारीला आले आहे आणि त्याबरोबर चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतचा संपूर्ण उतारा वाचण्याची सूचना आहे. ते यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे कल्याण चिंता आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे ते सांगते. आणि परत यायला सत्तर वर्षे लागतील हेही स्पष्ट सांगते. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. नगर, जालना, सोलापूरकडून कामासाठी आलेल्या आणि आता ऐरोली, घणसोली, कळव्यात पिढी वाढवत असलेल्या आपल्या कुटुंबांना हा उतारा किती जवळचा आहे! पानावरच्या चार ओळींच्या प्रार्थनेत आपल्या शहराचे पाणी, रस्ते आणि रुग्णालये यांची नावे घेऊन विनंती केली आहे, हे मला फार आवडले.

रोजच्या वचनाची ही रीत जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट या गावी १७२८ मध्ये काउंट झिन्झेनडॉर्फ यांनी तिथल्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन देण्याचा प्रघात सुरू केला आणि १७३१ पासून वर्षाची वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली. ती आजही छापली जातात. त्या परंपरेत बायबलच्या पहिल्या भागातले, म्हणजे जुन्या करारातले, वचन चिठ्ठी टाकून निवडतात आणि दुसऱ्या भागातले, म्हणजे नव्या करारातले, त्याला जुळणारे वचन विचारपूर्वक जोडतात. या दिनदर्शिकेच्या संपादकांनी चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत, पण दोन करारांतली वचने समोरासमोर ठेवण्याची पद्धत घेतली आहे आणि बहुतेक जोड्या चांगल्या जमल्या आहेत. वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरला, ‘आमचे दिवस मोजायला शिकव’ असे मागणारी नव्वदाव्या स्तोत्रातली मोशेची प्रार्थना आहे, आणि समोर रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली ती साखळी आहे : संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा सर्वांत शेवटी येते, हे वर्षाच्या शेवटच्या रात्री वाचायला मिळणे योग्यच आहे.

एप्रिलची पाने मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) ३ एप्रिलला आहे. ४ एप्रिलच्या पानावर फक्त शिक्का मारलेली येशूची कबर आणि पहारेकरी यांचा मत्तयातला उतारा आहे. प्रार्थना नाही, चिंतन नाही, उरलेले पान कोरे आहे. दिनदर्शिका छापणाऱ्याला कोरे पान सोडायला धैर्य लागते. ५ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार, आणि त्याच पानाच्या तळाशी पंडिता रमाबाईंचे स्मरण, कारण केडगावला त्यांचे निधन झाले ते ५ एप्रिल १९२२ रोजी. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी ते थांबवले नाही. भाषांतर पुरे झाले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. दोन्ही स्मरणे यंदा एका दिवशी आली हा पंचांगाचा योग आहे, पण तो हेरून पानावर आणणारी नजर संपादकांची आहे.

छपाईविषयी थोडे. वचनाचा टाइप ठळक आणि मोठा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या सासूबाई सकाळच्या चहाबरोबर तो चष्म्याशिवाय वाचतात आणि मग ‘आज कोणाचं नाव घ्यायचं?’ असे विचारतात, कारण प्रत्येक पानाखाली प्रार्थनेसाठी नावे लिहायला दोन रेघा सोडल्या आहेत. ही दोन रेघांची सोय आमच्या घरात सर्वांत जास्त वापरली जाते. महिन्यांच्या पानांवर पेन्सिलची रेखाचित्रे आहेत. त्यांपैकी बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये उपासनेसाठी अर्पण केलेल्या ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे चित्र सुबक आहे, बाकीची साधारण.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. कागद पातळ असल्यामुळे शाईच्या पेनाने लिहिलेले नाव मागच्या पानावर उमटते. स्पायरलची भोके कडेच्या फार जवळ पाडली आहेत. पान जोरात उलटले तर फाटते. काही पानांवर वचन एका भाषांतरातले आणि त्याखालचा उतारा दुसऱ्यातला आहे, पण तशी नोंद कुठेच नाही, त्यामुळे घरात मोठ्याने वाचताना गोंधळ होतो. पावसाळ्यातल्या काही आठवड्यांत चिंतने एकसुरी झाली आहेत आणि ‘धीर धरा’ हाच सूर परत परत येतो; त्या जागी ईयोब किंवा उपदेशक या पुस्तकांतली वचने अधिक घेता आली असती. तरुणांच्या प्रश्नांना स्पर्श करणारी पानेही फार थोडी आहेत.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. जी दिनदर्शिका ३० नोव्हेंबरला सुरू होते, ती विक्रीच्या टेबलावर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तर आगमनकाळाची पहिली पाने न वाचताच मागे जातात, आणि तीच पाने सर्वांत जास्त मेहनतीने लिहिलेली दिसतात. किंमत २५० रुपये आहे. ३६४ पानांसाठी ती रास्त आहे. घरात रोजची कौटुंबिक प्रार्थना होत असेल, किंवा ती पुन्हा सुरू करायची इच्छा असेल, तर अवश्य घ्यावी. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना द्यायलाही ती उत्तम आहे. ज्यांना फक्त सुट्ट्या आणि तारखा पाहायच्या आहेत, त्यांनी भिंतीवरचे नेहमीचे कॅलेंडरच घ्यावे. पुढचा आगमनकाळ २९ नोव्हेंबर २०२६ रोजी सुरू होतो. संपादक भगिनींना माझी विनंती आहे की पुढची आवृत्ती जाड कागदावर, भाषांतराच्या नोंदीसह आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मंडळ्यांच्या हाती द्यावी.