बिरड्याच्या फडक्यात उगवतं, मग ट्रेमध्ये का नाही? शेंगभाजी किटचा सात महिन्यांचा अनुभव

काल संध्याकाळी पडवीतून ट्रे उचलला आणि त्याच्या दोन रांगा तुटून हातात आल्या. तुटला याबद्दल माझी तक्रार नाही. रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत आणि उन्हात पातळ प्लास्टिक सात महिने टिकलं, हे बरंच म्हणायचं. माझी तक्रार खणांच्या तळाच्या भोकांबद्दल आहे. किट घेतल्यापासून ती मनात आहे, आज सविस्तर लिहिते.

किट मे महिन्याच्या शेवटी घेतलं, ७४९ रुपयांना. पन्नास खणांचा ट्रे, खाली पाणी साठवायची ताटली, वर पारदर्शक झाकण, कोकोपीटची वीट आणि चवळी, फरसबी, वाल अशी तीन पाकिटं. कोकोपीटचे पैसे मला तेव्हाच खटकले होते. आमच्या वाडीत नारळाच्या सोडणांचा ढीग विहिरीपाशी पडलेला असतो आणि त्याच सोडणांचा भुसा आपण विकत घेतो. पण भुसा धुतलेला आहे असं विटेवर लिहिलं होतं, म्हणून मनाची समजूत घातली.

१० जूनला पेरलं. सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे बिया रात्रभर भिजवल्या. चवळी वीस, फरसबी वीस, वाल दहा. कोकोपीट ओलं केलं, झाकण लावलं, ताटलीत पाणी भरलं. बारा दिवसांनी मोजलं तर चवळी सात, वाल दोन आणि फरसबी एकही नाही. पन्नासातली नऊ रोपं. त्यातलीही तीन झाकणाखाली बुंध्याशी काळी पडून कोलमडली. उरलेले खण उकरले तेव्हा बिया फुगून चिकट झालेल्या आणि आंबूस वास मारणाऱ्या निघाल्या. पाऊण हजार रुपये देऊन आणलेलं बी कुजलेलं हातात घेताना फार वाईट वाटलं.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘मॅडम, पाणी जास्त होतंय.’ मी म्हटलं, ‘ताटलीत रेघेपर्यंत पाणी भरा असं तुमच्याच कागदावर आहे.’ तीन फोन आणि सहा फोटोंनंतर बदली पाकिटं आली. उघडली तर तोच लॉट नंबर आणि तीच उगवण-चाचणीची तारीख. ज्या बियांबद्दल तक्रार केली, त्याच पुन्हा पाठवल्या. त्या दिवशी मी किटच्या परीक्षणात एक तारा दिला होता.

तरी जूनच्या अखेरीस पुन्हा पेरलं. या वेळी ताटलीत पाणी नाही आणि झाकणही नाही. कोकोपीट दोनदा पागोळ्यांच्या पाण्याने धुऊन घेतलं. धुतलेल्या विटेतूनही पहिलं पाणी चहासारखं निघालं. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं आणि जूनच्या पहिल्या खेपेला मी तेच वापरलं होतं. फरसबीला खारटपणा अजिबात सोसत नाही, चवळी त्यामानाने बरीच काटक. समुद्रालगत राहणाऱ्यांनी ही गोष्ट आधी तपासावी. पाऊस लागला की पागोळ्यांखाली पिंप लावून ठेवावं. तर दुसऱ्या खेपेला चवळी अकरा, वाल तीन, फरसबी एक. सुधारणा झाली, पण समाधान होईल एवढी नाही.

माझं मत फिरलं ते श्रावणात, स्वयंपाकघरात. सासूबाईंनी बिरड्यासाठी वाल भिजवले. सकाळी पाणी काढलं, वाल ओल्या फडक्यात बांधले आणि गाठोडं रोवळीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं तर जवळजवळ प्रत्येक वालाला मोड. मी विचारलं, ‘आई, तुमचे कसे येतात सगळे?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, पाणी प्यायला देऊन झालं की काढून घ्यायचं. मग त्याला ओल हवी आणि वारा हवा. पाण्यात ठेवलास तर गुदमरेल.’

बिरडं मी गेली अठरा वर्षं खातेय, करतेय. पण बागेतल्या बीला हेच लागू आहे, हे त्या दिवशी लक्षात आलं. बी पाणी शोषून घेतं आणि त्याचा श्वास वाढतो. त्या वेळी भोवती हवा नसेल तर ते आतून मरतं. शिवाय कोरडं बी एकदम पाण्यात बुडवलं की आतल्या पेशी घाईने पाणी ओढताना फाटतात, आतली साखर बाहेर झिरपते आणि मातीतली बुरशी तिच्यावर येते. चिकटपणा आणि वास त्यामुळेच आला होता. खायच्या वालाचं तसं काही झालं तरी कळत नाही, ते दोन दिवसांत कढईत जातात. पेरायच्या बीला त्यानंतर आठवडाभर जमिनीत तग धरायचा असतो.

मग मी तिन्ही पाकिटांतले दहा-दहा दाणे वेगवेगळ्या फडक्यांत बांधले. पाचव्या दिवशी एकदा मोजलं आणि नवव्या दिवशी शेवटचं. चवळी दहापैकी नऊ, वाल आठ, फरसबी तीन. म्हणजे चवळी आणि वाल चांगले होते, मी कंपनीला बियांवरून बोलले ते निदान त्या दोघांबाबत चुकीचं होतं. फरसबीचं मात्र बीच गेलेलं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत चाचणीची तारीख होती, आदल्या नोव्हेंबरची. १९६६ च्या बियाणे कायद्याखालच्या लेबलावर उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख असते, फरसबीला किमान ७५ टक्के उगवण लागते आणि चाचणीपासून साधारण नऊ महिने ते बी वैध धरतात. पाकीट मुदतीत होतं, हे खरं. पण नऊ महिने कोरड्या गोदामातले वेगळे आणि कोकणातले वेगळे. बीतली ओल एक टक्क्याने वाढली की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा बियाणेशास्त्रातला जुना आडाखा आहे. जूनमध्ये आमच्याकडे मीठ सुटतं, पापड मऊ पडतात, तिथे कागदी पाकिटातलं बी कोरडं कसं राहील? सासूबाई घरचे वाल चाळलेल्या राखेत घालून, तोंड बांधलेल्या बरणीत ठेवतात. राखेने भुंगाही लागत नाही.

आता भोकं. चवळीचं बी चांगलं आणि तरी ट्रेमध्ये वीसपैकी अकराच, तेव्हा दोष ट्रेचाच. खण पालथा करून पाहिला. तळाचं भोक काडेपेटीच्या काडीएवढं, तेही ताटलीला चिकटून बसलेलं. कोकोपीटचा बारीक चुरा त्यात अडकला की पाणी खाली जातच नाही. वरून भुसा कोरडा दिसतो आणि तळाशी चिखल असतो. आपण वरचं बघून आणखी पाणी घालतो. मी दाभण तापवून पन्नासच्या पन्नास भोकं करंगळीच्या नखाएवढी केली, ताटली काढून टाकली आणि ट्रे पोफळीच्या दोन रिपांवर ठेवला. भुशात एक तृतीयांश जाड रेती मिसळली, समुद्राची नव्हे, ओढ्याची. बी भिजवलं नाही. बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल, डोळा खाली करून लावलं. पेरताना एकदा पाणी दिलं, कोंब वर येईपर्यंत पुन्हा दिलं नाही.

सप्टेंबरच्या त्या खेपेला चवळी वीसपैकी सतरा, वाल दहापैकी आठ! चौथ्या दिवशी सकाळी चवळीची वाकडी मान भुशातून वर आलेली दिसली आणि मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. चवळी, वाल, फरसबी तिघंही आपल्या डाळिंब्या, म्हणजे बीची दोन दलं, मानेने ओढत जमिनीवर आणतात. वाटाण्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात. म्हणून वरची माती घट्ट बसली तर वाटाणा एक वेळ निसटतो, पण चवळी-फरसबीची मान मोडते. अंगणातल्या तांबड्या मातीत पेरणाऱ्यांनी सरीनंतर वरचा पापुद्रा बोटाने हलका फोडावा, खाली खणू नये.

एवढ्याशा भोकामुळे माझे तीन महिने गेले. बाकी सगळं जिथल्या तिथे असताना, साच्यात ते भोक थोडं मोठं करायला कंपनीला कितीसा खर्च आला असता?

ऑक्टोबरमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सदाबहार’ चवळीचं बी आणलं. ट्रेमध्ये लावलंच नाही, सरळ वाफ्यात टोकलं. शेंगभाज्यांचं सोटमूळ लवकर खाली जातं, खणातून उपटून लावलं की रोप आठवडाभर रुसतं. ट्रेमधल्या सतरांपैकी पाच रोपं अशी लावताना गेली होती, वाफ्यातली सगळी टिकली. गोगलगायींसाठी भोवती राखेचं कडं केलं, पाऊस थांबल्यावर ते पुरेसं ठरलं. फरसबीचं नवं पाकीट नोव्हेंबरात घेतलं, चाचणी सप्टेंबरची. वीसपैकी सोळा. तिला थंडीच मानवते, जूनच्या पावसात कोकणात तिचं पाकीट पाठवणं हेच मुळात चूक. आणि वाल, भात कापल्यावर मागच्या तुकड्यात अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, पेरले. त्यांना एक तांब्याही पाणी दिलं नाही. शेंगा भरत आल्यात, पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, लागणारा भांबुर्ड्याचा पाला कुठे मिळतो ते मुलांनी आधीच बघून ठेवलंय.

एक तारा बदलून तीन करतेय. वाल आणि चवळी चांगली निघाली त्याचे दोन, फोनवरच्या त्या मुलीने शेवटपर्यंत आवाज चढवला नाही त्याचा एक. भोकांचा आणि जुन्या फरसबीचा तारा देणार नाही. पुन्हा घ्यायचं झालं तर किट घेणार नाही, सुटं बी घेईन, चाचणीची तारीख बघून, आणि घरी आल्यावर दहा दाणे फडक्यात बांधून मगच पेरेन.

ट्रेच्या तुटलेल्या दोन रांगा कापून टाकल्या. चाळीस खण शाबूत आहेत, त्यांत वांग्या-मिरचीची रोपं होतील. भोकं मोठी केलेलीच आहेत.