मॅथजॉब्स डॉट ऑर्ग : स्टॅटवाल्यांच्या कामाची आहे का? (५ पैकी साडेतीन)

मॅथजॉब्स ही कॉलेज-युनिव्हर्सिटीतल्या गणिताच्या नोकऱ्यांच्या जाहिराती आणि अर्जांची साइट. नावात मॅथ आहे म्हणून आमच्या स्टॅट डिपार्टमेंटमधले निम्मे लोक ती उघडतच नाहीत, आणि उरलेले निम्मे फक्त हिच्याच भरवशावर बसतात. दोन्ही चूक. मी अमेरिकेत स्टॅटिस्टिक्सच्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे, नोकरी शोधायचा सगळा सीझन हिच्यावर काढलाय, आणि पुण्या-मुंबईत एमएस्सी करून इकडे आलेले ज्युनियर्स तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

साइट अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची. अर्ज करणाऱ्याला एक पैसा लागत नाही, पैसे जाहिरात देणारे भरतात. दिसायला रेल्वेच्या डब्यावर चिकटवायचे त्या रिझर्वेशन चार्टसारखी, पण भपका नाही म्हणूनच काम पटापट होतं. सुरुवातीला एक कव्हरशीट भरायची असते त्यात विषयाचा कोड मागतात, आपला ६२, प्रोबॅबिलिटीवाल्यांचा ६०. मशीन लर्निंग करणारे इथे जरा अडखळतात, जास्त डोकं लावू नका, ६२ टाका आणि पुढे व्हा.

खरी किंमत आहे ती रेफरन्स लेटरच्या सोयीची. गाइडचं नाव आणि ईमेल टाकायचा, त्यांना लिंक जाते, ते एकदा लेटर अपलोड करतात आणि नंतर ते कुठल्या कुठल्या अर्जाला जोडायचं ते आपण ठरवायचं. वाचता येत नाही अर्थातच, पण आलंय की नाही ते दिसतं, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तिसऱ्या प्रोफेसरच्या नावासमोर तारीख उमटलेली बघून जो जीव भांड्यात पडतो ना, विचारू नका. टीचिंगचं लेटर मात्र वेगळं घ्या. रिसर्च पोस्टडॉकला (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची जागा) नसलं तरी चालून जातं, लिबरल आर्ट्स कॉलेजला, म्हणजे जिथे शिकवण्यावरच भर असतो तिथे, त्याच्याशिवाय अर्ज करण्यात काही अर्थ नाही.

याची कदर कळायची असेल तर एखाद्या युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या एचआर पोर्टलवर जाऊन या. एका ठिकाणी (नाव नाही घेत) सीव्हीची पीडीएफ चढवली, तर पोर्टलने ती स्वतःच वाचून फॉर्म भरला आणि माझ्या थिसिसचं नाव ‘मागील नोकरी’च्या रकान्यात टाकलं, ते सगळं हाताने पुसून परत भरा, वर तिन्ही प्रोफेसरांना तिथे नवीन अकाउंट उघडायला लावलं. माझ्या गाइड बाई एरवी फार शांत, त्यांचा एका ओळीचा ईमेल आला, “असे अजून किती आहेत?”

आता दीड स्टार का कापले. मॅथ आणि स्टॅट एकत्र असलेली डिपार्टमेंट्स, छोटी कॉलेजं, हे इथे भरपूर. पण स्वतंत्र स्टॅट डिपार्टमेंट्सच्या बऱ्याच जाहिराती दुसरीकडे असतात, आणि मेडिकल स्कूल किंवा पब्लिक हेल्थमधलं बायोस्टॅट (आरोग्य-वैद्यकाचं स्टॅटिस्टिक्स) तर इथे जवळजवळ नाहीच. त्यासाठी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं जॉबवेब, फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या स्टॅट डिपार्टमेंटची यादी आणि अकॅडमिकजॉब्सऑनलाइन, हे तिन्ही उघडून ठेवायलाच लागतात. बायोस्टॅटवाल्यांनी इंटरव्ह्यूत एक गोष्ट बिनधास्त विचारा, पगाराचा किती भाग डिपार्टमेंट देणार आणि किती ग्रँटमधून स्वतः आणायचा, कारण सॉफ्ट मनी हा प्रकार ऑफर लेटरच्या आकड्यावरून कळत नाही.

वेळापत्रक म्हणाल तर ऑगस्टमध्ये जेएसएम (स्टॅटवाल्यांचं मोठं वार्षिक संमेलन) झालं की जाहिराती पडायला लागतात, बहुतेक डेडलाइन नोव्हेंबर-डिसेंबरच्या, कॅम्पस व्हिजिट, म्हणजे तिथे जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे गणपतीत सीव्ही आणि दिवाळीत रिसर्च स्टेटमेंट, फराळाचं पार्सल आलं तरी लक्ष कुठे असतं. अर्ज गेल्यावर निवड कमिट्या ताकास तूर लागू देत नाहीत, नकारसुद्धा येत नाही कितीतरी ठिकाणांहून, पण तो साइटचा दोष नाही. आणि आई-बाबा “कंपनीत का नाही बघत” म्हणाले तर सांगा की युनिव्हर्सिटीच्या नोकरीला एच-वन-बी या वर्क व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही, तेवढ्याने निदान आठवडाभर शांतता मिळते.

शेवटचं, सर्च बॉक्समध्ये नुसतं ‘स्टॅटिस्टिक्स’ टाकून मोकळे होऊ नका. बऱ्याच मॅथ डिपार्टमेंट्स जाहिरातीला नाव देतात ‘असिस्टंट प्रोफेसर ऑफ मॅथेमॅटिक्स’ आणि आत कुठेतरी चौथ्या-पाचव्या ओळीत लिहितात की स्टॅट किंवा डेटा सायन्स शिकवू शकणाऱ्यांना प्राधान्य. अशा जागांवर आपल्यातले फार कमी जण अर्ज करतात, त्यामुळे कंटाळा आला तरी पूर्ण यादी खालपर्यंत वाचा.