‘पोट साफ तर कातडी साफ’: नव्वद दिवसांच्या पॅकेजमध्ये नेमकं काय होतं

सोरायसिस, इसब, मुरुमं, अंगावर उठणारं पित्त. यातलं काहीही वर्षानुवर्षं भोगणाऱ्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ‘मलमं चोळून काय होणार, मूळ तर आतड्यात आहे.’ हे वाक्य सपशेल खोटं असतं तर धंदा चाललाच नसता. आतडं, मन आणि त्वचा यांचा संबंध स्टोक्स आणि पिल्सबरी या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९३० सालीच मांडला होता आणि त्यावर आजही गंभीर संशोधन चालू आहे. लबाडी पुढच्या पायरीवर सुरू होते. काही आजारांत, काही प्रमाणात खरी असलेली गोष्ट सगळ्यांना, सगळ्या आजारांसाठी, एकाच भावात विकली जाते.

सुरुवात मोबाइलवरच्या जाहिरातीने होते. फॉर्म भरला की ‘आरोग्य सल्लागारां’चा फोन येतो. डागांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात, ‘बद्धकोष्ठ आहे का, गॅस होतो का, जिभेवर पांढरा थर येतो का’ असे प्रश्न विचारतात. या प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारा माणूस विरळा, त्यामुळे निदान फोनवरच होतं: आतड्यात विष साठलंय. पॅकेजचा दर आजच्या दिवसापुरता निम्मा असतो. पैसे मात्र कंपनीच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय खात्यावर मागतात. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा येतो, जीएसटी क्रमांकाचं बिल येत नाही. तिथेच थांबता येतं, पण कातडी खाजत असताना माणूस बिल मागत बसत नाही.

मग तपासण्या. गावोगावच्या मोफत शिबिरांत एक यंत्र दिसतं: मुठीत धरायची धातूची दांडी, लॅपटॉपला वायर, आणि मिनिटभरात यकृतापासून ‘आतड्यातल्या विषा’पर्यंत सगळ्याचा जाडजूड रिपोर्ट. तळहाताच्या त्वचेतून जाणाऱ्या क्षीण विजेवरून यातलं काहीही कळत नाही. रिपोर्ट बनतो तो आधी भरलेलं वय, लिंग, उंची आणि वजन यांच्या आधारावर. पडताळायचं असेल तर त्याच माणसाला वेगळं वय आणि वेगळं लिंग सांगून पुन्हा दांडी धरायला लावा.

शहरी गिऱ्हाइकासाठी याहून महाग प्रकार आहे: रक्तातून शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी. खर्च बहुधा दहा हजारांच्या वर. प्रयोगशाळा खरी, रक्त खरं, आकडेही खरे. खोटा आहे तो त्यांचा अर्थ. यात आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं मोजतात. ती अमुक पदार्थ तुमच्या पोटात नेहमी जातो, एवढंच सांगतात. रोज पोळी आणि चहा घेणाऱ्याचा रिपोर्ट गहू आणि दुधापुढे लाल होणारच. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या तपासणीवरून आहार ठरवू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. ‘लीकी गट’ म्हणजे आतड्याचं अस्तर ‘गळकं’ झाल्याच्या दाव्यासाठी विकली जाणारी झोन्युलिन या प्रथिनाची तपासणी त्याच माळेतली: बाजारातली किट नेमकं झोन्युलिनच मोजतात का, यावरच संशोधकांनी प्रश्नचिन्ह लावलेलं आहे.

रिपोर्टबरोबर पथ्याचा कागद येतो. गहू, दूध, दही, अंडी, शेंगदाणे, टोमॅटो, वांगं, आंबवलेलं सगळं बंद. पथ्य इतकं लांबलचक का, हे नीट समजून घ्या. ते कुणालाही नव्वद दिवस पाळता येऊ नये अशीच त्याची रचना असते. एखाद्या लग्नात गुलाबजाम खाल्ला की पुढच्या प्रत्येक अपयशाची जबाबदारी तुमची.

लहान मुलांच्या बाबतीत हा कागद नुसता त्रासदायक नाही, धोकादायक आहे. इसब असलेल्या दोन वर्षांच्या मुलाचं दूध, अंडं, गहू आणि शेंगदाणे एकदम तोडले की प्रथिनं आणि कॅल्शियम तुटतं, वजन अडतं. शिवाय अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलाला एखादा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवून पुन्हा दिला, तर आधी चालणाऱ्या त्याच पदार्थाने घसा सुजून जिवावर बेतू शकतं.

आता पुड्या. पहिली असते ‘आतडं धुणारी’. तिच्यात बहुतेक सोनामुखी असते, सोबत इसबगोल आणि कधी बेंटोनाइट माती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शौचातून रबरासारखे लांबट, काळपट पट्टे पडतात आणि सल्लागार म्हणतो, ‘बघा, वर्षांची घाण निघाली.’ ते पट्टे त्या पुडीचेच असतात: इसबगोल आणि माती पाण्यात फुगून आतड्याच्या आकाराचा साचा धरतात. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन पाण्याचं. सोनामुखी रोज चालू राहिली की पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात. रक्तदाबासाठी पाणी उतरवणारी गोळी चालू असेल तर हृदयाचे ठोकेही बिघडतात.

दुसरी पुडी खरी करामत करते. बिनलेबलाची, तपकिरी, ‘रक्तशुद्धी’ची. पाच-सहा दिवसांत खाज जाते, पंधरा दिवसांत चट्टे सपाट होतात. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन दळून घातल्याचं पुन्हा पुन्हा उघड झालेलं आहे. ही स्टिरॉइडं अतिशय स्वस्त आणि अतिशय तीव्र: पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टिरॉइडचे पाच मिलिग्रॅम. चिमूटभर पुरते. ओळखायच्या खुणा अशा: भूक अचानक वाढते, झोप कमी होऊनही उत्साह वाटतो, आणि कातडीशी काही संबंध नसलेली गुडघेदुखीही गायब होते. ही शेवटची खूण आम्हाला सगळ्यांत बोलकी वाटते. ‘सांध्यांनाही गुण आला’ म्हणून लोक तीच पुडी शेजाऱ्यांना सुचवतात. पुढच्या काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, पोटावर-मांड्यांवर जांभळट रेघा उमटतात.

फोटो, प्रशस्तिपत्रं याच काळात गोळा होतात. काही तर औषधाशिवायही मिळतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे चट्टे येणारा सोरायसिसचा एक प्रकार आहे. तो अनेकदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. नव्वद दिवसांचं पॅकेज त्याला अगदी चपखल बसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुडी संपते किंवा पैसे थकतात म्हणून बंद होते, आणि आजार दुपटीने उसळतो. सोरायसिसमध्ये स्टिरॉइड एकदम तुटल्यावर अंगभर पू भरलेल्या बारीक पुटकुळ्या, ताप, थंडी, किंवा सगळी कातडी लालभडक होऊन सोलवटणं हे होऊ शकतं. तो दवाखान्यात भरती करण्याचा प्रसंग असतो. नेमक्या या वेळी फोनवरून उत्तर येतं: ‘घाबरू नका, विष बाहेर पडतंय, डोस वाढवू.’ या उत्तराला खोटं ठरवायची सोयच नाही. बरं वाटलं तर औषधाचं यश, चिघळलं तर विष निघाल्याची खूण, काहीच झालं नाही तर पथ्य मोडलं.

त्यातच ‘अ‍ॅलोपॅथी आजपासून बंद’ ही अट असते. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसची गोळी थांबवली जाते, आणि ज्यांच्या सोरायसिसने सांधे धरलेत त्यांचे सांधे त्या तीन महिन्यांत झिजत राहतात. कातडी पुन्हा सुधारते, वाकडं झालेलं बोट सरळ होत नाही. कोडासाठी दिलेलं बावचीचं तेल लावून उन्हात बसवल्यावर भाजल्यासारखे फोड येतात, कारण बावचीतली सोरालेन उन्हाबरोबरच काम करतात आणि मात्रा मोजणारं तिथे कुणी नसतं. बावची पोटातून दिली तर यकृतालाही इजा होऊ शकते. आणखी एक खुळ सध्या जोरात आहे: ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी रोज. कमतरता असेल तर ती आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे देतात. रोज घेतल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी आणि शेवटी मूत्रपिंड निकामी.

मग आहाराने काय होतं? वजन जास्त असलेल्या सोरायसिसच्या रुग्णाने वजन उतरवलं तर फायदा होतो, औषधंही जास्त चांगली लागू पडतात. किती फायदा? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या चाचणीत ६० रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज ८०० ते १००० कॅलरी, पुढे आठ आठवडे १२०० पर्यंत असा आहार दिला. त्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १५ किलो जास्त उतरलं. सोरायसिसची तीव्रता मोजणारा पासी गुणांक सरासरी २ गुणांनी जास्त घटला आणि तो फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीत थोडक्यात हुकला. पंधरा किलो उतरवून एवढं. मग पुडीने ‘मुळापासून’ कसं जाईल? ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन बंद करण्याचा सल्ला २०१८ च्या अमेरिकन शिफारशींनी फक्त ज्यांची रक्ततपासणी ग्लुटेनसंबंधी पॉझिटिव्ह आहे त्यांनाच दिला आहे.

गव्हाने खरोखर होणारा त्वचारोग एक आहे: डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. कोपर, गुडघे आणि ढुंगणावर प्रचंड खाजणारे बारीक फोड. आपल्याकडे तो क्वचित दिसतो. त्याचं निदान टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी आणि फोडाशेजारच्या त्वचेचा तुकडा यांवर होतं, आणि दोन्ही गहू *खात असताना* करावं लागतं. आधीच गहू सोडला तर तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. डॅप्सोन या गोळीने (आधी रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम तपासून) खाज दोन-तीन दिवसांत बसते, गहू सोडल्याचा परिणाम दिसायला मात्र कित्येक महिने जातात.

मुरुमांत साखर आणि मैद्याचा भार कमी केल्याने फरक पडतो. ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत (२००७) तो दिसला. जिममध्ये व्हे प्रोटीन घेणाऱ्याची मुरुमं वाढली तर ते बंद करून पाहावं. इसबावर प्रोबायोटिक्सचं (आतड्याला उपयोगी जिवाणूंच्या पुड्यांचं) म्हणाल तर, कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ चाचण्या तपासल्यावर फरक नगण्य निघाला. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेलं अंगावरचं पित्त बहुतेक वेळा खाण्यामुळे नसतं. दूध आणि मासे एकत्र खाऊन कोड होत नाही.

एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर घरी करायची पद्धत साधी आहे. एका वेळी एकच पदार्थ, चार आठवडे पूर्ण बंद, बाकी औषधं आणि मलमं तशीच. मग तो पुन्हा सुरू करायचा. बंद केल्यावर कमी आणि सुरू केल्यावर जास्त, असं दोन्ही दिसलं तरच दोष त्याचा. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, शेजारी एक नाणं ठेवून फोटो. बोटांसकट स्वतःचा तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का, त्या मापाने चट्टे मोजा. ओठ सुजणं किंवा दम लागणं कधी झालं असेल तर हा प्रयोग घरी नाही, आणि लहान मुलांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पुडी आधीच चालू असेल तर ती आज रात्री कचऱ्यात टाकू नका. उरलेली पुडी, वेष्टण आणि पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट घेऊन फिजिशियन किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड), शिवाय साखर, पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या. भस्म किंवा ‘रस’ असं काही घेतलं असेल तर शिशाची तपासणीही. ती अख्ख्या रक्तावर करतात, सीरमवर (पेशी वेगळ्या काढून उरलेल्या द्रवावर) नव्हे. कॉर्टिसॉल फार कमी आलं तर शरीर बाहेरच्या स्टिरॉइडवर चाललंय असं समजून डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. उलट, ते नॉर्मल आलं म्हणून पुडी निर्दोष ठरत नाही, कारण प्रेडनिसोलोन या तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जाऊ शकतं. अशक्तपणा, उलट्या, चक्कर एकदम सुरू झाली तर थेट रुग्णालय.

पैशांचं. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असेल तर कायद्याने ते अन्न आहे, औषध नव्हे. आजार बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलवर उत्पादन परवाना, बॅच क्रमांक आणि घटक हवेत. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. १९५४ च्या जादूटोणा-छाप औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत कोड आहे, लठ्ठपणा आहे. सोरायसिस नाही, आणि जाहिरातवाल्यांना हे चांगलं ठाऊक असावं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. बनावट डॉक्टर बनून ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तिथे उपयोगी पडतं ते सल्लागाराचं लेखी ‘गॅरंटी’चं व्हॉट्सअ‍ॅप आणि पहिल्या दिवशीचे फोटो, म्हणून चॅट डिलीट करू नका आणि नंबर ब्लॉक करण्याआधी ते सगळं निर्यात करून ठेवा.