फिरतीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी वायरगार्ड: डेटा थोडाच खातं, पण हिशेब अर्धाच देतं

फिरतीवरच्या माणसांना ऑफिसच्या फाइलपर्यंत सुरक्षित पोचवायचं आणि मोबाइल डेटाचा खर्चही आवाक्यात ठेवायचा, या दोन्हींसाठी वायरगार्डचा, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी एन्क्रिप्टेड जोडणी करून देणाऱ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा, विचार करत असाल, तर पहिलं काम ते उत्तम करतं. दुसऱ्यासाठी केवळ त्याच्यावर विसंबू नका.

लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ते २०२० साली, ५.६ आवृत्तीत आलं. अँड्रॉइड, आयओएस, विंडोज, मॅक सगळ्यांसाठी मोफत ॲप आहे. वाय-फाय सोडून मोबाइल नेटवर्कवर गेलं तरी पुन्हा जोडणी करावी लागत नाही. फोनच्या नव्या पत्त्यावरून पहिलं खरं पॅकेट (ओळख पटलेला डेटाचा तुकडा) आलं की सर्व्हर तिकडे उत्तरं पाठवू लागतो. फिरतीच्या कामात हा गुण फार मोलाचा आहे. मात्र त्याच्याचमुळे एकच कॉन्फिग (जोडणीची सेटिंग फाइल) दोन उपकरणांवर टाकली की सर्व्हर शेवटी बोलला त्याच्याकडे वळतो आणि दोन्हीकडचं काम आलटूनपालटून अडतं. प्रत्येक उपकरणाला वेगळी की (ओळख पटवणारी चावी), वेगळा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्याच. फोन हरवला तर तेवढी एकच की काढून टाकता येते.

आता डेटा. आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी, प्रचलित पद्धत) वर प्रत्येक पॅकेटमागे ६० बाइट जादा जातात, म्हणजे मोठ्या डाउनलोडवर साधारण ४ टक्के. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (ठरावीक वेळाने रिकामं पॅकेट पाठवणारी सेटिंग) २५ सेकंदांवर ठेवलं, तरी निव्वळ बोगदा (ही व्हीपीएन जोडणी) जिवंत ठेवण्याचा खर्च दिवसाला अर्ध्या एमबीच्या आसपास. बॅटरीवर मात्र ताण येतो, म्हणून ऑफिसकडून फोनला स्वतःहून काही पाठवायचं नसेल तर ते बंदच ठेवा.

खरा निर्णय 'अलाउड आयपीज'मध्ये, म्हणजे कोणत्या पत्त्यांचा डेटा बोगद्यातून जायचा त्या यादीत आहे. तिथे ०.०.०.०/० (सगळे पत्ते) लिहिलं की व्हिडिओपासून सगळं ऑफिसमार्गे जातं. फोनचा डेटा फारसा वाढत नाही, पण ऑफिसच्या लाइनवरून तोच बाइट आत येतो आणि बाहेरही जातो. आमचं मत: फक्त ऑफिसचं सबनेट (आतल्या पत्त्यांचा गट) आणि डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) तिथे लिहा, नको त्या साइट डीएनएसवरच अडवा. ब्राउझरचं स्वतःचं एन्क्रिप्टेड डीएनएस चालू असेल तर हा अडसर चुकवला जातो, तेही बंद करायला हवं.

याची किंमत म्हणजे हिशेब. सर्व्हरवरची 'डब्ल्यूजी शो' ही कमांड प्रत्येक कीमागे किती डेटा आला-गेला ते दाखवते, पण बोगद्याबाहेरचा वापर त्यात नसतो आणि इंटरफेस (सर्व्हरवरचं वायरगार्डचं टोक) रीस्टार्ट झाला की आकडा शून्यावर येतो. म्हणून मर्यादा उपकरणावरच घाला: अँड्रॉइडवर डेटा सेव्हर, आयफोनवर लो डेटा मोड, विंडोजवर हॉटस्पॉटचं नेटवर्क 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायचं) ठरवा. हे शेवटचं हमखास राहून जातं. लॅपटॉपला हॉटस्पॉट साध्या वाय-फायसारखा दिसतो आणि अपडेट, क्लाउड सिंक मोकाट सुटतात.

तक्रारी येतात त्या ठरलेल्या. जोडणी होते, छोटी पानं उघडतात, मोठी फाइल अडकते: एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२० वरून १२८० करा. हॉटेलच्या वाय-फायवर ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही: दोन्हीकडे १९२.१६८.१.० हीच रेंज असते, ऑफिसची बदला. हँडशेकच (जोडणीच्या सुरुवातीची ओळख-पडताळणी) होत नाही: त्या नेटवर्कने यूडीपी (वायरगार्ड वापरतं ती डेटा पाठवण्याची पद्धत) अडवलेलं असू शकतं, आणि टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर वायरगार्ड चालत नाही. अशा वेळी मोबाइल डेटावर जाणं हाच सोपा मार्ग, म्हणून प्रत्येकाच्या कोट्यात तेवढी शिल्लक धरून ठेवा.

युजरनेम किंवा ओटीपीची सोय यात मुळातच नाही. माणसं वाढली की चाव्या हाताने सांभाळणं जड जातं. तेव्हा वर एखादी व्यवस्थापन प्रणाली घ्यावीच लागते.