सेंट पॉल्समधला उलटा टांगलेला माणूस

लेकीनं लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचं तिकीट काढलं ते मला घुमट दाखवायला. मी अडकलो आत एका बाजूच्या वाटेवर, व्हिडिओच्या चार पडद्यांपुढे. बिल व्हायोला या अमेरिकी कलावंताचं आणि त्याची बायको किरा पेरोव्ह हिचं 'मार्टर्स', म्हणजे हुतात्मे. २०१४ पासून इथं आहे.

चार उभे पडदे, चार माणसं. एक मातीखाली गाडलेला, एक बाई हातपाय बांधून वाऱ्यात टांगलेली, एक खुर्चीवर आगीत बसलेला. चौथा दोरानं पाय बांधून उलटा, अंगावर पाण्याचा लोट. सगळं संथ चालतं, आवाज अजिबात नाही. सातेक मिनिटांत संपतं नि पुन्हा सुरू.

आग मला पटली नाही. एवढ्या ज्वाळांत चेहरा इतका शांत? जाहिरातीत शोभेल. मातीचं मात्र झकास, ती अंगावरून उलटी वर उडत जाते.

पण पाण्यापाशी माझे पाय थिजले. पोटावरून, छातीवरून हनुवटीला आलेलं पाणी केसांतून निथळतं, हात लोंबकळतात. माझाच श्वास कोंडलाय हे मला जरा उशिरानं कळलं. सात वर्षांचा असताना आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीचा डबा सुटला होता. काठावरून सगळे बोंबलत होते म्हणे, मला काही ऐकू आलं नाही. त्या पडद्याची शांतता अगदी तसली.

लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, व्हायोलाही सहाव्या वर्षी तळ्यात बुडता बुडता वाचला. त्यालाही काकानंच बाहेर काढलं. त्याला पाण्याखालचं जग सुंदर वाटलं होतं. मला फक्त काकांचं धोतर दिसलं होतं.

एक सांगतो, चारही पडदे एकदम बघायला जाऊ नका, नजर नुसती उड्या मारते. एका फेरीत एकच माणूस धरा. दुसऱ्या बाजूला त्याचंच २०१६ चं 'मेरी' आहे, तीन पडद्यांचं. बाळाला पाजणारी बाई छान, पण पुढं मन रमलं नाही.

घुमटाच्या टोकापर्यंतच्या ५२८ पायऱ्या लेक एकटीच चढून आली. मी तोवर चौथा पडदा तिसऱ्यांदा बघत होतो.