डोंगरातला उंदीर आणि वाळवंटातला उंदीर

पेरोमिस्कस या एकाच प्रजातीतल्या (genus) दोन वेगळ्या जातींचे उंदीर घ्या. डिअर माउस कोलोरॅडोच्या डोंगरांत ४,३०० मीटरपर्यंत सापडतो, तर कॅक्टस माउस अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या आणि मेक्सिकोच्या वाळवंटात. वजन दोघांचंही जेमतेम वीसेक ग्रॅम. मग अंगाचं तापमान सांभाळणं दोघांपैकी कोणाला जास्त अवघड?

डोंगरातल्याची खरी मदार खांद्यांमधल्या तपकिरी चरबीवर. थंडी वाढली की ती अंग न थरथरवताच जळते आणि तिच्यातल्या एका खास प्रथिनामुळे ऊर्जा साठण्याऐवजी सरळ उष्णता होऊन बाहेर पडते. पण जाळायला ऑक्सिजन हवा आणि तिथे नेमकी त्याचीच टंचाई! म्हणून मग घरट्यात एकमेकांना बिलगून झोपायचं. दाणे संपत आले तर काही तास अंग चक्क गार पडू द्यायचं.

वाळवंटातल्याचं गणित उलटं: उष्णता मुळात तयारच कमी करायची. त्याचा चयापचय मंद. दिवस बिळात, हिंडणं रात्री. उंदराला अंगभर घाम येत नाही. फारच तापलं तर तो अंगाला लाळ फासतो, पण त्यात पाणी जातं, म्हणून ते अगदी नाइलाजाने. दाणापाणी आटलं की तोही सुस्त पडून राहतो.

मला अवघड काम वाळवंटातल्याचंच वाटतं. डोंगरातल्याला निदान बर्फाच्या जाड थराखाली आडोसा मिळतो. वर कितीही उणे असो, तिथे तापमान शून्याच्या आसपास टिकतं.